कॅप्चा नावाचा माणूस

परवा एका वेबसाइटने मला सुनावलं, 'आपण चुकीचा पासवर्ड टाकला आहे.' मी? मी कीबोर्डला हातही लावला नव्हता. पान उघडताच ब्राउझरने आपण होऊन दोन्ही चौकटी भरल्या, ते काळे ठिपके मांडले. मी फक्त बटण दाबलं. चोरी त्याची आणि बोलणी मला. वर दम असा की आणखी एकदा चुकलात तर खातं बंद.

म्हणून हेल्पलाइन. सनईसारखं काहीतरी बराच वेळ वाजल्यावर एक अतिशय शांत बाई आल्या.

"सर, आमच्याकडे आपलं युजरनेम एक्स सात के क्यू दोन असं आलंय."

"माझं युजरनेम म्हणजे माझा ईमेल आहे हो. हे काय आहे?"

"आपण लॉगिन करताना टाकलेलं नाव, सर."

मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. खरंच, ईमेलच्या जागी X7kQ2 बसलं होतं. उलगडा झाला. त्या पानावर पासवर्डच्या अगदी वर कॅप्चाची चौकट आहे, आणि पासवर्डच्या आधीची चौकट ती नावाची, असा बहुतेक ब्राउझरचा ढोबळ अंदाज असतो. मागच्या खेपेचा कॅप्चा त्याने माझं नाव म्हणून जपून ठेवला होता.

"मॅडम, तो कॅप्चा आहे. मी यंत्र नाही, माणूस आहे, हे सिद्ध करायला टाकलेला."

"हो सर. पण त्या नावाचं खातं आमच्याकडे नाही."

"नसणारच!"

"मग नाव बदलायचा अर्ज करावा लागेल. जुन्या नावाचा पुरावा जोडा."

"जुनं नाव म्हणजे?"

"एक्स सात के क्यू दोन."

"त्याचा पुरावा मी कुठून आणू?"

"फोटो असलेलं कुठलंही ओळखपत्र चालेल, सर. के लहान की मोठा?"

आणि मी, शिकलासवरलेला माणूस, म्हणालो, "लहान."

शेवटी निस्तरलं मीच. सेटिंग्जमधल्या पासवर्डच्या यादीत या एकाच साइटच्या तीन नोंदी निघाल्या. एक कॅप्चाच्या नावाची, एक बिननावाची, आणि एक ईमेलची, पण तिच्यात जुना पासवर्ड. साइटवाल्यांनी मध्यंतरी लॉगिनचं पान दुसऱ्या पत्त्यावर हलवलं. ब्राउझर नोंदी पत्त्याप्रमाणे ठेवतो, त्यामुळे पत्ता बदलला की नवा संसार. पासवर्ड पाहायला डोळ्याचं चिन्ह दाबलं तर कॉम्प्युटरने स्वतःचा पिन मागितला. हे मात्र योग्यच, नाहीतर शेजारून जाणारा कुणीही सगळी यादी वाचेल. नको त्या नोंदी उडवल्या, उरलेलीत नाव-पासवर्ड दुरुस्त केले. खाली 'कधीही सेव्ह न करण्याच्या' साइट्सची वेगळी यादी होती. कधीतरी वैतागून 'कधीच नाही' दाबलं की साइट तिथे जाऊन बसते, आणि मग ब्राउझर विचारेनासा का झाला म्हणून आपण डोकं खाजवत राहतो.

कॉम्प्युटरवर पासवर्ड आणण्याचं श्रेय सहसा एमआयटीच्या फर्नांडो कॉर्बातो यांना देतात. एकच यंत्र अनेकांनी वापरायचं म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी ही सोय केली. तिथेच एकदा फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. पुढे, २०१४ साली, खुद्द कॉर्बातोंनीच पासवर्ड या प्रकाराला दुःस्वप्न म्हटलं. आमच्या बाईंशी न बोलताच म्हटलं, हे विशेष.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. ब्राउझर लांबलचक, भक्कम पासवर्ड सुचवतो आणि ही साइट तो पेस्ट करू देत नाही. म्हणे सुरक्षितता! अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की पेस्ट करू द्यावं, आणि गळती झाल्याचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. इथे दोन्ही त्रास शाबूत. हाताने टाईप करायचं म्हटलं की माणूस आखूड, सोपा आणि सगळीकडे तोच पासवर्ड ठेवणार, हे कळायला तज्ज्ञ कशाला हवा? आणि ज्याने पेस्ट बंद केलं, तो स्वतः कधी या पानावर फिरकला असेल असं वाटत नाही.

काल मुदत संपली. नवा पासवर्ड एकेक अक्षर बोट ठेवून टाकला. कोपऱ्यात ब्राउझरने विचारलं, 'अपडेट करू?' कुठल्या नावाखाली, ते वाचायच्या आत साइटने पुढचं पान उघडलं आणि ती चौकट गेली.