हात पसरलेला अँडी नव्हे, खुर्चीवर बसलेला रेड

सिनेमात ख्रिस्ताचा संदेश शोधण्यावर तुमचे आक्षेप दोन. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) या तुरुंगावरच्या सिनेमात अँडी हा कैदी पळून सुटल्यावर पावसात हात पसरून उभा राहतो, तेवढ्यावरून त्याला ख्रिस्ताची प्रतिमा ठरवणं म्हणजे ओढूनताणून काढलेला अर्थ. आणि शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताच्या तारणाचा संदेश, हवा तर बायबल उघडावं, सिनेमा कशाला?

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हात पसरणं हा पुरावा नव्हे. अँडी निर्दोष आहे खरा, पण तो स्वतःलाच सोडवतो. वॉर्डनचा, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाचा, काळा पैसा ज्या खोट्या नावावर त्याने फिरवला, त्याच नावाने तो काढूनही नेतो. इतरांसाठी मरण पत्करणं हा ख्रिस्तकथेचा गाभा त्याच्या गोष्टीत नाही.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही, कारण बायबल उघडायचं की नुसतं बाळगायचं, हा प्रश्न सिनेमाच विचारतो. वॉर्डनला योहान ८:१२ ('मी जगाचा प्रकाश आहे' हे येशूचं वचन) तोंडपाठ आहे. कोठडीच्या झडतीत अँडीचं बायबल त्याच्या हातात असतं. 'तारण यातच आहे' असं म्हणून तो ते न उघडताच परत देतो. आत भिंत पोखरायची हातोडी असते आणि तिच्यासाठी पानांत केलेली खाच निर्गमाच्या, म्हणजे गुलामीतून बाहेर पडण्याच्या, पुस्तकापासून कोरलेली आहे. देवाच्या न्यायाचं भरतकाम केलेलं वचन वॉर्डनच्या भिंतीवर आहे, आणि त्यामागे तिजोरी.

माझ्या मते खरा ख्रिस्ती प्रसंग अँडीचा कैदी मित्र रेड याच्या पॅरोलचा, म्हणजे मुदतीआधी सुटकेच्या अर्जाचा, आहे. वीस वर्षांनी आणि तीस वर्षांनी तो पॅरोल मंडळापुढे म्हणतो की मी सुधारलोय, देवाशपथ खरं सांगतो. दोन्ही वेळा अर्जावर नकाराचा शिक्का. चाळीस वर्षांनी तो 'सुधारणा' हा शब्दच पोकळ ठरवतो. पश्चात्ताप झाला नाही असा एक दिवस जात नाही, असं सांगतो. गुन्हा करणाऱ्या त्या पोराशी बोलावंसं वाटतं, पण ते पोर आता उरलेलं नाही, असंही. तेव्हा मंजुरी मिळते. लक्षात घ्या, खोट्या बोलण्यात देवाचं नाव होतं. खरं बोलताना ते येत नाही.

चर्चच्या तरुण संघात दाखवायचं असेल तर १४२ मिनिटांचा अख्खा सिनेमा लावू नका. तिन्ही सुनावण्या सलग दाखवा. मग प्रत्येकाने फक्त दिसलं-ऐकलं ते सांगायचं: रेडचा स्वर, नेमके शब्द, शिक्का. अर्थ नंतर. लूक १८:९-१४ त्यानंतर वाचा: स्वतःची धार्मिकता मिरवणारा परूशी आणि पापाची कबुली देणारा जकातदार (कर गोळा करणारा) यांचा दाखला. इथेच बहुतेकांचं चुकतं: उतारा आधी वाचला की मंडळी परूशी आणि जकातदार शोधत बसतात, आणि रेड काय बोलला ते कुणी ऐकतच नाही.

तुलना जुळत नाही तिथेही थांबा. जकातदार 'मज पाप्यावर दया कर' म्हणतो. रेड दया मागतच नाही, शिक्का मारा आणि माझा वेळ घालवू नका म्हणतो. मंडळाची मंजुरी म्हणजे देवाची क्षमा नव्हे. खरं बोललं की बक्षीस मिळतं, एवढंच घेऊन मुलं घरी जाऊ नयेत म्हणून पुढचा प्रसंगही दाखवा. सुटल्यावर रेड राहायला जातो ती त्याच्या आधी सुटलेल्या म्हाताऱ्या कैद्याची, ब्रुक्सचीच खोली. तुळईवर आपलं नाव कोरून ब्रुक्सने तिथेच गळफास घेतलेला असतो.