'३३ मिळवा, झालं!' : एका प्रतिक्रियेला उत्तर

बुटांच्या नंबरांवरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्यात तीन तक्रारी आहेत. तक्ता मोबाईलवर कापला जातो. पायाच्या रुंदीबद्दल लेखात अक्षरही नाही. आणि तिसरी जशीच्या तशी : "यूके नंबरात ३३ मिळवले की युरोपियन नंबर मिळतो हे शाळकरी पोरालाही कळतं, त्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला?"

तक्त्याचं मान्य. जपानी मापांचा रकाना आता दिसेल.

आता शाळकरी पोराकडे वळू. मतभेदाला माझी हरकत नाही, पण दोन ओळी लिहिताना समोरच्याला अडाणी ठरवलंच पाहिजे का? माझी उमेदीची वर्षं बुटांच्या कारखान्यात गेली. निर्यातीच्या जोडांवरचे नंबर तपासणं हे माझं काम होतं. एकाच जोडावर यूके, यूएस आणि युरोपियन असे तिन्ही नंबर छापायचे आणि त्यातला एक चुकला की खेप परत. तिथे कुणी "३३ मिळवा" म्हणालं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला खोकी बांधायला बसवलं असतं.

पाल्हाळ नको असेल तर थोडक्यात सांगतो. यूकेचा एक नंबर वाढतो तेव्हा लांबी एक बार्लीकॉर्न, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, ८.४७ मिमी वाढते. युरोपियन नंबर पॅरिस पॉइंटने चालतो, म्हणजे ६.६७ मिमीने. ज्या दोन मोजपट्ट्यांच्या खुणाच सारख्या अंतरावर नाहीत, त्यांच्यातला फरक कायम ३३ राहणार कसा? मोजली जाते ती लास्टची, म्हणजे ज्या साच्यावर बूट घडतो त्याची लांबी. यूकेसाठी ती इंचात घेऊन तिप्पट करायची आणि २५ वजा करायचे. युरोपियनसाठी सेंटीमीटरमध्ये घेऊन दीडपट करायची. करून पाहा : यूके ५ ला ३८ येतात, ८ ला जवळजवळ ४२, १२ ला ४७. म्हणजे फरक आधी ३३, मग ३४, मग ३५. तुमचा नियम ५ नंबरच्या आसपास चालतो. तुमचा पाय तेवढा असेल तर अभिनंदन, बाकीच्या जगाचा नाही.

शिवाय हे झालं कागदावरचं गणित. कंपन्या ते आपापल्या सोयीने वळवतात. पुरुषांच्या यूके ९ ला नायकी युरोपियन ४४ लिहिते, आदिदास ४३⅓. तोच जोड अमेरिकन नंबरात एकीकडे १०, दुसरीकडे साडेनऊ. तुमच्या हिशेबाने ९ चे ४२ होतात. घ्या ४२ आणि चाला.

मुलांच्या नंबरांना तर हात लावूच नका. यूकेत मुलांचा १३ संपला की पुढे पुन्हा १ सुरू होतो. तिथे ३३ कुठे मिळवायचे ते तुमच्या त्या पोरालाच विचारा.

म्हणून लेखात मी पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, असं पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. टाच भिंतीला टेकवून, वजन पायावर टाकून, दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. जपानी नंबर म्हणजे सेंटीमीटरमधली पायाचीच लांबी. मोंडोपॉइंट, म्हणजे बुटांच्या मापांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९४०७, मिलिमीटरमध्ये चालतं. त्यात लांबीशेजारी रुंदीही लिहायची सोय आहे, पण ते असो.

राहिली रुंदी. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी सवडीने लिहिणार होतोच, तुमची प्रतिक्रिया येण्याच्या आधीपासून. तोवर तुमच्या दोन्ही पायांची लांबी आणि घरातल्या प्रत्येक बुटाच्या जिभेवर छापलेले सगळे नंबर इथे लिहा. त्यातल्या किती जोडांना तुमचे ३३ लागू पडतात, ते सगळ्यांसमोरच पाहू.