पोटातली नस फुगलीय पण दुखत नाही, मग काळजी नको?

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाच तिघांनी पाठवला. म्हणे पोटातली मोठी नस फुगली असली तरी दुखत नसेल तर धोका नाही, रोज पोट दाबून चोळलं की फुगवटा बसतो, डॉक्टर "सध्या थांबू" म्हणाले म्हणजे त्यात विशेष काही नाही, आणि अगदीच वेळ आली तर स्टेंट टाकला की विषय संपला. माझ्या मामांना हेच आहे, चार वर्षं मी त्यांच्याबरोबर तपासणीला जातेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी दुखण्याचं बघू. ही नस म्हणजे महाधमनी, पोटात ती साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते, 3 किंवा जास्त झाली की अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच लागत नाही. मामांची मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडली. स्क्रीनवर काळा गोल, डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही कडांवर एकेक फुली ठेवली आणि कोपऱ्यात आकडा आला, 4.3. मामा म्हणाले, "अगं पण मला तर काहीच होत नाहीये." तेच तर आहे! अचानक पोटात नाहीतर पाठीत जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली तर नस फुटत असू शकते, तेव्हा सकाळ व्हायची वाट बघायची नाही, कारण फुटल्यावर कितीतरी जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत.

चोळून काही बसत नाही, ताणून कमजोर झालेली भिंत बाहेरून दाबून मजबूत कशी होणार? आइन्स्टाइनची हीच नस 1948 साली सर्जननी पोट उघडून बाहेरून सेलोफेनमध्ये गुंडाळली होती, तरी 1955 ला ती फुटूनच ते गेले.

"थांबू" म्हणजे दुर्लक्ष नव्हे. 4 ते 5.5 सेंटीमीटरच्या फुगवट्यावर लगेच ऑपरेशन करून आयुष्य वाढत नाही हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय, म्हणून पुरुषांत साधारण 5.5 आणि बायकांत 5 पर्यंत ठरलेल्या तारखांना मोजत राहतात, भराभर वाढली तर आधीच विचार करतात. मधल्या काळात बीपी आटोक्यात ठेवायचं आणि सिगारेट पूर्ण बंद, मामांना हेच सगळ्यात जड गेलं.

आणि स्टेंट टाकला की विषय संपत नाही हो. जांघेतून नळी सरकवून आत कापडी आवरणाचा स्टेंट बसवतात, त्याच्या कडेने रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपू शकतं, म्हणून पुढे कायम स्कॅन करावे लागतात. शिवाय प्रत्येकाच्या नसेत तो नीट बसतोच असं नाही, मग पोट उघडून कृत्रिम नळी शिवतात, त्यातून सावरायला जास्त दिवस लागतात पण नंतरची कटकट कमी.

हे भावंडांमध्येही आढळतं, म्हणून मामांच्या धाकट्या भावालाही, काहीच दुखत नसताना, सोनोग्राफीला नेलं. त्यांची 2.1 निघाली.