परदेशातून : भिंत नसलेला दरवाजा

फ्रँकफर्टच्या एशनहाइमर टोर स्टेशनातून सरकता जिना चढून वर आलं की समोर एशनहाइमर टुर्म, जुन्या शहराच्या वेशीचा बुरूज. 47 मीटर उंच, डोक्यावर एक मोठं टोक आणि कोपऱ्यांना चार छोटी. आजूबाजूला ट्रॅफिक, मागे काचेच्या इमारती. आणि बुरुजाच्या तळाशी रेस्टॉरंट.

नऊ वर्षं मी इथे राहतोय, बुरुजाखालून शेकडो वेळा गेलो असेन. गेल्या महिन्यात बाबा आले तेव्हा पहिल्यांदा थांबून पाहिला. रेस्टॉरंटची पाटी दिसली तसे बाबा म्हणाले, "वेशीत हॉटेल? आपल्याकडे असतं तर मोर्चा निघाला असता."

निघालाच होता की जवळजवळ. 2019 च्या सप्टेंबरात राज्यातले किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चाललं. शिवरायांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तेव्हा मी इथूनच शहाणपणा शिकवला होता: युरोपात बघा, वगैरे. मामांनी एका ओळीत गप्प केलं, "तुमच्या बुरुजासाठी कुणी रक्त सांडलेलं आठवतं का तिथल्या लोकांना?" खरं होतं. एशनहाइमर टुर्मबद्दल इथल्या लोकांना आठवते ती हान्स विंकेलझेची गोष्ट. चोरून शिकार करणारा हा गडी या बुरुजात कैदेत होता. वरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं पत्र्याचं वातकुक्कुट रात्रभर कुरकुरायचं, झोप येईना. त्याने नऊ गोळ्यांत त्या पत्र्यावर नऊचा आकडा काढून दाखवला आणि सुटका मिळवली म्हणे. पत्र्याला भोकं आजही आहेत. बाबांनी मान वर करून मोजायचा प्रयत्न केला आणि "थापा" म्हणून सोडून दिलं. अशा गोष्टीवर बिअर पिता येते. रायगडावर नाही, आणि येऊही नये.

पण आमचं गाव रायगड नाही. आमच्याकडे आहेत ते दरवाजे. (माझ्या दाखल्यावर औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. वाद तोही आहे, पण आज नको.) बावन्न दरवाजांचं शहर म्हणत आम्ही मोठे झालो. उभे आहेत त्यांतले थोडेच. भडकल गेट मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलं. मकई गेटच्या कमानीतून मी शाळेला सायकलने जायचो. दोन्हीकडून गाड्या आल्या की मध्ये कोण थांबणार यावरून भांडण ठरलेलं. तटबंदी मात्र बहुतेक ठिकाणी घरांच्या भिंतींत जिरून गेली. दरवाजे राहिले, भिंत नाही.

फ्रँकफर्टनेही आपली भिंत पाडलीच, हे बाबांना सांगितल्यावर ते जरा सुखावले. 1400 साली पायाभरणी झालेला आणि 1428 मध्ये वास्तुकार माडर्न गेर्थनरने पूर्ण केलेला हा बुरूज 1800 नंतरच्या त्या पाडापाडीत जाणारच होता. एदूविल नावाच्या फ्रेंच दूताने हरकत घेतली म्हणून राहिला. म्हणजे ज्यांच्या दबावाखाली शहर होतं, त्यांच्याच माणसाने वाचवला. यात युरोपियन वारसाप्रेम वगैरे शोधायला जाऊ नये.

मला खरी असूया वाटते ती बुरुजाची नाही, त्याच्या बाजूच्या झाडांची. भिंत पडली त्या पट्ट्यावर बांधकाम करायचं नाही असं बंधन घातलं गेलं, 1827 पासून ते पक्कं झालं आणि अजून लागू आहे. अपवाद झाले, मोठं ऑपेरागृहही त्याच पट्ट्यात उभं राहिलं. तरी जुन्या शहराभोवती बागांचं कडं टिकलं. बुरुजाकडून निघून आम्ही त्या झाडांखालून अर्धा तास चाललो. बाबा भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले. त्यांना मी हे समजावत होतो तर म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद. मालक बदलला तरी बोजा उतरत नाही." मग स्वतःच दुरुस्ती केली, "शहरात सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं."

हॉटेल हवं की नको यावर आम्ही दोन दिवस भांडलो. दरवाजाला खेटून दुकानाचा गाळा निघतो तेव्हा त्या जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही. मला तर आता वाटतं, कमानीच्या भोवती मोकळी जागा राहणार असेल आणि कुणीतरी रोज झाडलोट करणार असेल, तर मकई गेटपाशी चहाची टपरी बसली तरी माझी हरकत नाही. मामा हे वाचतील तेव्हा फोन येईलच.

बाबा परत गेले. परवा त्यांनी मकई गेटचा फोटो पाठवला. कमानीच्या आतल्या दगडावर, ट्रकच्या आरशाच्या उंचीला, घासल्याची लांब पांढरी रेघ. खाली लिहिलं होतं: "ताजी आहे. शेजारच्या गाळ्याचं प्रॉपर्टी कार्ड काढायला टाकलंय."