दोनशे रुपयांत निम्मं घर

छत्रपती संभाजीनगरात माणूस दोन गोष्टींवर लगेच विश्वास ठेवतो. एक, उद्या नळाला पाणी येणार. दुसरी, बायकोच्या नावानं घर करायला दोनशे रुपये लागतात. दुसरी खरी आहे, म्हणून जास्त धोक्याची.

राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्रानं (पैसे न घेता देण्याच्या नोंदणीकृत दस्तानं) दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. पण महापालिका हद्दीत बाजारमूल्यावर एक टक्का अधिभार वेगळा. फ्लॅटचं हे सरकारी बाजारमूल्य 40 लाख आणि निम्मा हिस्सा द्यायचा, तर झाले की 20 हजार! वर नोंदणी फी आणि पानामागे हाताळणी खर्च. शिवाय या कायद्याला मायेची दिशा कळते. आईनं पोराला घर दिलं तर 200 रुपये. पोरानं तेच आईला परत दिलं तर तीन टक्के. भावालाही तीनच. श्रावणबाळ आज असता तर कावड खाली ठेवून आधी चलन भरायला गेला असता.

घरावर कर्ज असेल तर बक्षीसपत्राआधी बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. स्वस्त व्याजासाठी कर्जही दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल, तर माझं ऐका: आधी नाव, मग कर्ज. उलटं केलंत तर नव्या बँकेत कागद जमा झाल्यावर पुन्हा ना-हरकत, पुन्हा वकिलाची तपासणी. अडचण एवढीच, की निघालेल्या गिऱ्हाइकाला ना-हरकत देणं जुन्या बँकेला सवतीचं लग्न लावून दिल्यासारखं वाटतं. अर्जात ‘सहमालक वाढवायचा आहे’ एवढंच लिहावं, बाकीचं पुराण कशाला! बँक बहुधा बायकोला सहकर्जदारही करून घेते. म्हणजे तिला निम्मं घर आणि अख्ख्या कर्जाची जबाबदारी.

आता हिशोब. 25 लाखांचं कर्ज. नव्या बँकेची प्रक्रिया फी अर्धा टक्का धरली तर 12,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 2,250. गहाणावर मुद्रांक 0.3 टक्के, म्हणजे 7,500. गहाणाची सूचना 30 दिवसांत निबंधकाकडे दाखल करायची, तिचे आणखी हजार-तेराशे. झाले साडेतेवीस हजारांच्या घरात. व्याज अर्ध्या टक्क्यानं उतरलं तर पहिल्या वर्षी वाचतात साधारण साडेबारा हजार. दोन वर्षं नुसती बरोबरी! म्हणून आधी जुन्याच बँकेला दर कमी करायला सांगा. थोडी फी घेऊन बरेचदा करतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड मात्र नाही, कोणी मागितला तर नियम दाखवा.

घरपट्टीवर नाव चढलं की लोक पेढे वाटतात. घरपट्टी मालकीचा पुरावा नव्हे. घराखालची जागाही आपलीच असेल, तर फेरफार होऊन मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर नाव यायला पाहिजे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जुन्या बँकेचा बोजा असेल, तर तो बेबाकी दाखल्याशिवाय, म्हणजे कर्ज फिटल्याच्या बँकेच्या पत्राशिवाय, हलत नाही. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद दिले नाहीत, तर बँकेनं दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. साहेब जेवायला गेले असले, की हा नियम काउंटरवर जरा मोठ्यानं वाचावा.