कप्तानाला कोको कुणी दिला, हे विचारू नका

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलं, की जुना इंग्रजी आरमारी युद्धपट लावावा. कृष्णधवल असेल तर उत्तम. समुद्र करडा, धूर करडा, माणसंही करडी. कातडीच्या रंगाचा वाद तिथंच मिटतो.

या चित्रपटांत विविधता नसते असं घरातल्या कॉलेजकुमारीनं म्हटलंच, तर तिला १९४२चा 'इन विच वी सर्व्ह' दाखवा. बोट बुडते आणि तराफ्याला लटकलेल्यांत उच्चभ्रू इंग्रज, मध्यमवर्गीय इंग्रज आणि साधा खलाशी इंग्रज असे तिन्ही प्रकार निघतात. आणखी काय हवं? शिवाय ज्या 'केली' विनाशिकेवर ती गोष्ट बेतली, तिचा कप्तान माउंटबॅटन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला. म्हणजे आपलंही प्रतिनिधित्व झालंच म्हणा ना.

वादळात बोटीच्या ब्रिजवर (जिथून ती हाकतात तिथं) उभ्या कप्तानाच्या हाती मध्येच वाफाळता कोको येतो. तो कुणी आणला हे बघायला मागं जाऊ नका. अधिकाऱ्यांच्या दिमतीला माल्टाचे नि गोव्याचे स्टुअर्ड आणि खानसामे ठेवायची ब्रिटिश नौदलाची रीत होती, पण ते कळून कथानक काही पुढं सरकत नाही.

अमेरिकन चित्रपटातही नजर भटारखान्याकडं वळू देऊ नका. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा 'वेस्ट व्हर्जिनिया' युद्धनौकेवरचा भटारखान्यातला कृष्णवर्णीय नोकर डोरिस मिलर धुण्याचे कपडे गोळा करत होता. कुणी न शिकवलेली मशिनगन त्यानं चालवली, नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं. नायकानं आधी कपडे गोळा करायचे म्हणजे पटकथेची पंचाईतच.

व्यापारी बोटींचा ताफा दिसला, की जास्त जपा. त्या काळी ब्रिटिश व्यापारी बोटींवर साधारण दर चौथा माणूस हिंदुस्थानी होता: सारंग, टंडेल, सुकाणी, बॉयलरपाशी कोळसा ओढणारे, कुणी रत्नागिरीकडचा, कुणी सिल्हेटचा. पगार गोऱ्या खलाशाच्या पासंगालाही पुरणार नाही असा. १९३९ साली युद्ध पेटताच त्यांनी वाढीसाठी संप केले, काही जण तुरुंगातही गेले. हे सगळं दाखवत बसलं, तर ताफा लिव्हरपूलला पोचायचा कधी?

आणि एवढं करूनही कुणी कुरकुरलंच, तर हुकमाचं पान काढा: १९५६चा 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट'. त्यात सर्वसमावेशकतेची कमाल आहे, फक्त ती बोटींपुरती. जर्मन 'ग्राफ श्पे'चं काम अमेरिकन क्रूझर 'सेलम'नं केलंय. आदल्याच युद्धातले वैरी, पण कुणी हरकत घेतली नाही. आणि न्यूझीलंडच्या 'अकिलीज'च्या भूमिकेत खुद्द 'अकिलीज'च आहे. फक्त ती १९४८ सालीच भारताला विकली गेली होती, नाव 'दिल्ली' पडलं होतं आणि डेकवर आपले नौसैनिक होते. म्हणजे भारतीय नौदलाची बोट, भारतीय खलाशी, आणि पडद्यावर न्यूझीलंड. पोलादाला कुठल्याही देशाची भूमिका मिळते. ते पोलाद चालवणाऱ्यानं मात्र शक्यतो फ्रेमच्या बाहेर राहावं, एवढीच माफक अपेक्षा.

आपल्या पोरांनी तोफा डागल्या, त्या धुरात नायक इंग्रजीत बोलले. दूरच्या दृश्यांत डेकवर ठिपके हलताना दिसतील. त्यांना हात हलवू नका, घरचे हसतील.

हीच 'दिल्ली' डिसेंबर १९६१मध्ये दीवसमोर उभी राहिली आणि तिनं खरोखरच्या तोफा डागल्या. त्या वेळी दिग्दर्शक कुणी नव्हता, त्यामुळे त्याची फारशी दखल घ्यायचं कारण नाही. १९७८ साली ती सेवेतून गेली, मोडीत निघाली. तिचं एक तोफघर भारतानं न्यूझीलंडला भेट दिलं. ते ऑकलंडच्या नौदल तळावर आहे. मुलगा-सून तिकडे असतील आणि तुमचं जाणं झालंच, तर त्याच्यासमोर जरूर फोटो काढून घ्या. शेजारच्या कुणी विचारलं, ही तोफ कुठल्या बोटीची, तर 'सिनेमातल्या' म्हणा. उगाच दिल्ली-बिल्ली सांगत बसू नका.