अनुक्रमणिका ही निव्वळ यादी नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

संगीत मासिकांच्या अनुक्रमणिकांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'अनुक्रमणिका म्हणजे निव्वळ यादी. तिच्यात रचना शोधणे हा पोरखेळ आहे,' असे आपण लिहिले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु त्या लेखातली मोजमापे आमच्या शेजारच्या मुलीची आहेत. पदवीच्या माध्यम प्रकल्पासाठी ती तीन आठवडे फूटपट्टी घेऊन जुन्या अंकांपुढे बसली होती आणि आपला तो शब्द तिनेही वाचला. वडीलधाऱ्या माणसाने असे शब्द वापरण्यापूर्वी क्षणभर थांबायला हवे होते.

एक चूक मान्य करतो. 'क्यू' हे ब्रिटिश संगीत मासिक अजून निघत असल्यासारखे मी लिहिले होते. ते २०२० मध्ये बंद झाले. आपण दाखवून दिल्यावर ते वाक्य दुरुस्त केले आहे. मात्र मासिक बंद पडले म्हणून त्याचे पान अभ्यासातून बाद होत नाही.

आता 'निव्वळ यादी'विषयी. बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्यात मी एकोणीस वर्षे काढली आहेत. अनुक्रमणिकेचे पान तिथे सर्वांत शेवटी जुळवले जाई, कारण शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, लागेपर्यंत कोणता लेख कितव्या पानावर जाईल याची खात्री नसे. एका दिवाळी अंकात ऐन वेळी आलेल्या जाहिरातींनी चार पाने पुढे सरकली आणि अनुक्रमणिका तशीच छापून झाली. दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांना खळ लावून प्रत्येक प्रतीवर चिकटवण्यात आमची रात्र गेली. ज्याने ती रात्र काढली, त्याला या पानापुढे 'निव्वळ' हे विशेषण लावता येत नाही.

आकडे बिनचूक असणे ही झाली पहिली पायरी; रचना त्यापुढे सुरू होते. 'एनएमई' या ब्रिटिश साप्ताहिकाने आपल्या अनुक्रमणिकेत बँडच्या नावांची वर्णानुक्रमे स्वतंत्र सूची दिली होती. लेखाचे शीर्षक न वाचता आपल्या आवडत्या बँडचे पान गाठू पाहणारा वाचक तिच्यामागे गृहीत धरलेला आहे. 'केरँग!' या रॉक संगीताच्या ब्रिटिश नियतकालिकाच्या, त्या मुलीने निवडलेल्या अंकात काळ्या पट्ट्यांवर पिवळे मथळे आहेत आणि छायाचित्रांवरचे पानांचे आकडे यादीतल्या आकड्यांच्या दुपटीहून मोठे आहेत. म्हणजे चित्र पाहून थेट त्या पानावर उडी मारणारा वाचक तिथे अपेक्षित आहे. ब्रिटिश मांडणीकार नेव्हिल ब्रॉडी यांनी तर १९८४ च्या सुमारास 'द फेस' या मासिकात 'काँटेंट्स' हा मथळाच अंकागणिक मोडत नेला आणि शेवटी अक्षरांच्या जागी केवळ आकार उरले. निव्वळ यादी असती, तर तिच्या मथळ्यावर एवढे कष्ट कोणी का घेतले असते?

आणि अनुक्रमणिका अशी वाचायला बेळगावच्या मुलांना शिकवून काय उपयोग, असे आपण, स्वतः बेळगावकर असून, विचारता! दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याची कर्नाटकची कायदेदुरुस्ती २०२४ मध्ये आली, तेव्हा गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत बोलणे कशाचे चालले होते? कोणती ओळ वर, कोणती खाली आणि कोणते अक्षर किती उंच, याचेच ना? अक्षराच्या आकाराला अर्थ असतो हे इथल्या मुलाला शाळेच्या वाटेवरच कळलेले असते. मासिकाच्या पानावर तीच नजर वापरायला शिकवले, तर तुम्हाला एवढे खुपण्यासारखे त्यात काय आहे, हे मला खरोखर उमगलेले नाही.

'संगीत कला विहार' हे आपल्याकडचे संगीत मासिक तुलनेत का घेतले नाही, वाचकांचे वयोगट का दिले नाहीत, कागदाचा विचार का केला नाही, हे आपले उरलेले मुद्दे लेखाच्या मर्यादेबाहेरचे असल्याने त्यांत मी शिरत नाही.

तिचा प्रकल्प सोमवारी जमा होणार आहे. आपली प्रतिक्रिया वाचून 'केरँग!'चे पान काढून टाकू का, असे तिने मला विचारले. मी नको म्हणून सांगितले आहे.